तापीकाठच्या कबरी आणि बागा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला. त्यांची आठवण ठेवायची म्हणून आपण दरवर्षी एकत्र येतो, खुर्च्या मांडतो, सतरंज्या अंथरतो, कोणीतरी बोलतो आणि बाकीचे ऐकतात. माणूस गेल्यावर त्याच्या नावाने चारचौघांनी जमण्याची ही रीत फार जुनी आहे. आज मला अशाच, पण दगडामातीच्या जागांविषयी बोलायचे आहे. आपल्या खानदेशातल्या कबरी, छत्र्या, समाध्या आणि त्यांच्याभोवती एकेकाळी फुललेल्या बागा हा माझा विषय आहे.

हा विषय सांगितला की काही जण दचकतात. स्मशान, कबरस्तान ही पाय न ठेवण्याची जागा, असा आपला संस्कार. तो मला समजतो. दुःखाच्या जागी सहज फिरायला जाऊ नये, यात गेलेल्यांविषयीचा आदरच आहे. पण ज्या कबरीला पाच-सहा शतके होऊन गेली आणि जिच्यावर रडणारे कोणी उरले नाही, तिथे न जाणे याला आदर म्हणता येणार नाही. तिथे कोणी गेले नाही की तिची राखण होत नाही, आणि राखण झाली नाही की ती पडते. कबर कशाने टिकते, या एका प्रश्नाभोवती आजचे बोलणे मी गुंफले आहे.

बागेतली दफनभूमी

पॅरिस शहरात पेर लाशेझ नावाची दफनभूमी आहे. ती 1804 साली सुरू झाली, तेव्हा शहराबाहेर होती. त्याआधी पॅरिसचे मृतदेह चर्चच्या आवारात, एकावर एक असे पुरले जात. दुर्गंधी आणि रोगराई असह्य झाली, म्हणून नगराबाहेर टेकडीवर वळणदार वाटा आणि दुतर्फा झाडे असलेली ही नवी दफनभूमी आखली गेली. सुरुवातीला इतक्या लांब कोणी येईना. तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी 1817 साली नाटककार मोलियेर, कवी ला फोंतेन आणि मध्ययुगातले प्रसिद्ध प्रेमिक आबेलार व एलोईझ यांचे अवशेष तिथे आणून पुरले. मोठी माणसे आली, तशी त्यांच्या शेजारी आपलाही शेवटचा मुक्काम असावा असे पॅरिसकरांना वाटू लागले. आज जगभरातून लोक ती दफनभूमी पाहायला जातात.

अमेरिकेत बॉस्टनजवळची माउंट ऑबर्न ही दफनभूमी 1831 साली तिथल्या बागाईत संस्थेच्या पुढाकाराने उभी राहिली. त्या काळी अमेरिकन शहरांत सार्वजनिक उद्याने जवळजवळ नव्हतीच. त्यामुळे सुटीच्या दिवशी लोक मुलाबाळांसह, शिदोरी घेऊन दफनभूमीत फिरायला जाऊ लागले. न्यूयॉर्कजवळच्या ग्रीनवुड दफनभूमीत तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वर्षाला लाखो माणसे येत. ही गर्दी पाहूनच शहरात सगळ्यांसाठी मोठे उद्यान हवे ही मागणी जोर धरू लागली, आणि न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क त्यातून पुढे आले.

मुंबईत याच गोष्टीची उलटी बाजू दिसते. शिवडीला शेती व बागाईत संस्थेची वनस्पतींची बाग होती. 1860 च्या दशकात पालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळात ती जागा ख्रिस्ती दफनभूमीसाठी गेली. बागेची झाडे भायखळ्याला, म्हणजे आजच्या राणीच्या बागेत रुजली. बोरीबंदरचे भव्य स्थानक उभारणारे वास्तुरचनाकार फ्रेडरिक स्टीव्हन्स 1900 साली वारले, ते शिवडीतच विसावले आहेत.

ही उदाहरणे मी एवढ्यासाठी दिली, की मृतांच्या जागेला बागेचे रूप देणे ही युरोपची नवी कल्पना आहे असा समज आहे. तापीच्या काठी ती त्याच्या दोनशे वर्षे आधी प्रत्यक्षात होती.

थाळनेर

कालक्रमाने सुरुवात थाळनेरपासून करू. शिरपूर तालुक्यात तापीच्या काठावर हे गाव आहे. 1370 साली फिरोजशाह तुघलकाने थाळनेरचा मुलूख मलिक राजा याला दिला. पुढे 1382 च्या सुमारास तो स्वतंत्रपणे कारभार पाहू लागला आणि खानदेशच्या फारुकी घराण्याचा पाया घातला गेला. 1399 साली मलिक राजा वारला आणि थाळनेरलाच त्याचे दफन झाले.

त्याचा मुलगा नासिरखान याने असीरगड घेतला, तापीकाठी बुऱ्हाणपूर वसवले आणि राजधानी तिकडे गेली. सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि झैनुद्दीन शिराझी यांची नावे त्याने नदीच्या दोन काठांवरच्या वस्त्यांना दिली. अलीकडे बुऱ्हाणपूर, पलीकडे जैनाबाद. हे दोन्ही संत खुलदाबादला चिरनिद्रा घेत आहेत. म्हणजे खानदेशच्या राजधानीचे नावच एका कबरीशी बांधलेले आहे.

राजधानी हलली तरी राजांचे शेवटचे परतणे थाळनेरलाच होत राहिले. 1437 साली नासिरखान, 1441 साली बुऱ्हाणपुरात मारला गेलेला मीरान आदिलखान, 1457 साली मुबारकखान, सगळ्यांना थाळनेरला आणून पुरले. राज्य बुऱ्हाणपुरातून चाले, पण घराण्याचे मूळ थाळनेरात होते आणि मूळपुरुषाच्या पायाशी जागा मिळावी ही आस होती. आपल्याकडे मुंबई-पुण्याला स्थायिक झालेला माणूस अस्थी मात्र आपल्या गावच्या नदीत सोडायला सांगतो, त्यामागे हीच भावना आहे.

काळ्या दगडातले चौथरे, घुमट, कोरीव पट्ट्या, आणि त्यांत उठून दिसणारी एक अष्टकोनी कबर असा हा समूह आहे. केंद्रीय पुरातत्त्व खात्याने तो संरक्षित केला आहे. शेजारी तापीवर थाळनेरच्या किल्ल्याची पडझड झालेली जागा. 27 फेब्रुवारी 1818 रोजी इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने हा किल्ला घेतला, अरब शिबंदीची कत्तल केली आणि किल्लेदार तुळशीराम याला फाशी दिले. खानदेशात इंग्रजी अंमल कसा आला, हे थाळनेरला उभे राहून समजते. एका गावात, एकाच काठावर, एका राज्याचा जन्म आणि दुसऱ्या राजवटीचा प्रवेश, दोन्ही पाहता येतात.

मुबारकखानानंतर आलेला दुसरा आदिलखान 1501 पर्यंत राज्यावर होता. त्याच्या काळात खानदेश भरभराटीला आला, आणि त्याचे दफन बुऱ्हाणपुरात झाले. तिथून थाळनेरची ही परंपरा खंडित झाली. राजाचे नातलग, फातेहा पढणारे, दिवा लावणारे, सगळे बुऱ्हाणपूरकडे वळले. थाळनेरच्या कबरींना पहिला धक्का ऊनपावसाने दिला नाही. माणसांनी येणे थांबवले, तो त्यांचा पहिला धक्का होता.

बुऱ्हाणपूरच्या बागा

बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे. पण रावेरच्या पुढे थोडे गेले की ते येते, आणि शतकानुशतके ती खानदेशाची राजधानी होती. तिथल्या जामा मशिदीत फारुकींची वंशावळ अरबीबरोबर संस्कृतातही कोरलेली आहे. आपल्या राज्यातल्या दोन्ही प्रकारच्या विद्वानांना आपले नाव वाचता यावे असे ती मशीद बांधणाऱ्या राजाला वाटले, हे तो शिलालेख पाहिल्यावर लक्षात येते. 1601 साली अकबराने असीरगड घेतला आणि फारुकी राज्य संपले. नंतरची अनेक वर्षे बुऱ्हाणपूर ही मुघलांच्या दख्खन मोहिमांची छावणी होती.

मुघलांबरोबर बागेतल्या मकबऱ्याची रीत आली. अमीर आपल्या हयातीत बाग लावी. तिथे कारंजी, पाट, फळझाडे असत, पाहुण्यांच्या मेजवान्या होत. मालक वारला की त्याच बागेच्या मध्यभागी त्याचे दफन होई आणि सुखाची जागा स्मृतीची जागा बने. अब्दुर्रहीम खानखाना, ज्याला आपण दोहेकार रहीम म्हणून ओळखतो, तो बुऱ्हाणपूरचा सुभेदार होता. त्याचा मुलगा शाहनवाजखान 1619 साली बुऱ्हाणपुरात वारला. उतावळी नदीकाठच्या त्याच्या मकबऱ्याला लोक काळा ताज म्हणतात. शाहजहानचा मुलगा शाहशुजा याची पत्नी बिल्किस बेगम हिची कबर खरबुजासारख्या फुगीर आकाराची आहे, आणि तिच्या आतली रंगीत वेलबुट्टी अजून ओळखू येते. तापीकाठी मिर्झाराजे जयसिंगाची छत्री आहे. 1665 साली शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह करणारा हा सेनानी 1667 साली बुऱ्हाणपुरातच वारला.

बाग म्हटली की पाणी आले. बुऱ्हाणपूरचे पाणी हा जगातल्या थोर तांत्रिक कामांपैकी एक नमुना आहे. 1615 च्या सुमारास रहीमच्या काळात सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणले गेले. ठरावीक अंतरावर वर उघडणाऱ्या विहिरींसारख्या कुंड्या आहेत. म्हणून त्याला कुंडी भंडारा म्हणतात. शहराची तहान याच पाण्याने भागली आणि लालबागेसारख्या बागा त्यावरच जगल्या. कबरीभोवतीची हिरवळ ही शोभेची गोष्ट वाटते, पण तिच्यामागे अभियंत्याचे गणित आणि रोज पाट वळवणाऱ्या माळ्याचे हात होते.

आता जैनाबादकडे या. 17 जून 1631 रोजी मुमताजमहल चौदाव्या बाळंतपणात, गौहरआरा या मुलीला जन्म देऊन बुऱ्हाणपुरात वारली. तिचे पहिले दफन तापीच्या पलीकडे जैनाबादच्या बागेत झाले. बुऱ्हाणपूरकर आजही आहूखान्याची शाही शिकारबाग दाखवून ही जागा सांगतात. सहा महिने ती तिथे होती. डिसेंबर 1631 मध्ये राजपुत्र शाहशुजाच्या देखरेखीखाली तिचे पार्थिव आग्र्याला नेले गेले. पुढे यमुनेच्या काठी जे उभे राहिले ते सगळ्यांना ठाऊक आहे.

पॅरिसने आपल्या दफनभूमीत गाजलेले मृत आणून बसवले, आणि ती जागा जगप्रसिद्ध झाली. तापीकाठून जगातली सर्वांत गाजलेली राणी नेली गेली, आणि जैनाबादची बाग ओसाड पडली. ताजमहालाच्या बांधकामाचे कौतुक सगळे करतात. मला त्याच्या व्यवस्थेचे कौतुक अधिक वाटते. त्या मकबऱ्याच्या देखभालीसाठी तीस गावांचा महसूल आणि बाजारपेठांचे उत्पन्न लावून दिलेले होते. माळी, भिश्ती, कुराण वाचणारे, दिवाबत्ती करणारे, सगळ्यांचा खर्च आधीच ठरला होता. संगमरवरापेक्षा त्या तीस गावांनी ताज जगवला, असे मी म्हणेन. जैनाबादच्या वाट्याला तशी नेमणूक आली नाही.

याच बुऱ्हाणपुरात या विचाराचा जिवंत पुरावा पाहायला मिळतो. दाऊदी बोहरा समाजाचा दर्गा-ए-हकीमी हा सय्यदी अब्दुल कादिर हकीमुद्दीन यांचा दर्गा. ते अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात वारले. आज तिथे पांढरीशुभ्र वास्तू, आखीव हिरवळ, फुलांचे वाफे आणि यात्रेकरूंच्या राहण्याजेवणाची सोय आहे. देशोदेशीचे बोहरा कुटुंबीय तिथे येतात. शाहनवाजखान राजदरबारातला बडा माणूस होता, हकीमुद्दीनसाहेब विद्येचे आणि भक्तीचे. दोघांच्या कबरी एकाच शहरात आहेत. एकीला पुरातत्त्व खात्याचे कुंपण आहे, दुसरीला माणसांची रीघ आहे. यात्रेकरू आहेत म्हणून बाग आहे, आणि बाग आहे म्हणून यात्रेकरू दोन दिवस जास्त राहतात.

भुसावळचा एक दगड

आता रेल्वेच्या गावी जाऊ. 1860 च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे भुसावळला आली आणि छोट्या गावाचे मोठे जंक्शन झाले. साहेबांचे बंगले, इंजिनांच्या शेड, क्लब, चर्च आणि त्यांची दफनभूमी. त्या दफनभूमीत मेजर रॉबर्ट गिल यांची कबर आहे.

लंडनमध्ये 1804 साली जन्मलेला हा मद्रास फौजेतला अधिकारी. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्याचे काम कंपनी सरकारने 1844 साली त्यांच्यावर सोपवले. अजिंठ्याच्या घाटात, ऊन, ताप आणि वाघांच्या शेजारात त्यांनी वर्षानुवर्षे मोठमोठे कॅनव्हास रंगवले. ते लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडले गेले आणि 1866 च्या आगीत त्यांतले बहुतेक जळून गेले. गिल पुन्हा कामाला लागले. छायाचित्रणाची कला त्यांनी आधीच आत्मसात केली होती. लेण्यांची त्यांची छायाचित्रे 1864 साली जेम्स फर्ग्युसन यांच्या ग्रंथात प्रसिद्ध झाली. एप्रिल 1879 मध्ये गिल वारले आणि भुसावळला त्यांचे दफन झाले. त्यांची सहचरी पारो 1856 साली पटकीने गेली. तिची कबर अजिंठा गावात आहे. या दोघांची कथा आपल्या ना. धों. महानोरांनी दीर्घ कवितेत मांडली, आणि मराठी माणसाला गिल माहीत झाले ते त्या कवितेमुळे.

अजिंठा पाहायला जगभरातून जे येतात, त्यांतले कितीतरी जण रेल्वेने जळगाव किंवा भुसावळला उतरतात. ज्याने त्या चित्रांची पहिली मोठी नक्कल केली तो इथेच आहे, हे त्यांना सांगणारी पाटी, नकाशा, माणूस आपण उभा करायला हवा. भारतातल्या युरोपीय दफनभूमींचे असेच होते. ज्यांनी पुरले ते बोटीने परत गेले, मुलेबाळे तिकडे वाढली, आणि कबरी इथे राहिल्या. 1976 साली लंडनमध्ये थिऑन विल्किन्सन यांनी दक्षिण आशियातील अशा दफनभूमींसाठी एक संस्था काढली, नोंदी आणि दुरुस्तीचे काम सुरू केले. कोलकात्याची 1767 सालची साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमी आज पर्यटक आवर्जून पाहतात. सर विल्यम जोन्स आणि कवी डेरोझिओ तिथे आहेत. वृक्षांच्या सावलीतल्या त्या उंच मनोऱ्यांमधून शाळेची मुले फिरतात.

ज्यांना कबर मिळाली नाही

मुमताज वारली त्याच सुमारास, 1630 पासून, खानदेश आणि गुजरातवर भयंकर दुष्काळ होता. सुरतेहून नंदुरबारमार्गे बुऱ्हाणपूरकडे गेलेला इंग्रज व्यापारी पीटर मंडी वाटेवर पडलेल्या प्रेतांचे वर्णन करतो. एका राणीच्या कबरीची जागा, तारीख, सहा महिन्यांचा काळ, सगळे आपल्याला ठाऊक आहे. त्याच रस्त्यावर भुकेने मेलेल्या शेतकऱ्या-कोष्ट्यांपैकी एकाचेही नाव आपल्याला माहीत नाही. कबर हा इतिहासाचा पुरावा आहे, पण तो मूठभरांचा पुरावा आहे, हे स्मृतिस्थळांवर जाणाऱ्याने मनात ठेवले पाहिजे.

म्हणूनच मला मुक्ताईची आठवण होते. 1297 साली तापीकाठी, विजेच्या कडकडाटात मुक्ताई गुप्त झाल्या अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. देह राहिलाच नाही, तरी मुक्ताईनगरची वारी चालू आहे, आणि आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या पालख्यांत मुक्ताईची पालखी अग्रभागी असते. अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची समाधी आहे. वैशाखात तिथे यात्रा भरते, नदीचे कोरडे पात्र माणसांनी भरून जाते. पूर येतो, पात्र बदलते, तरी जागा ओसाड होत नाही, कारण दरवर्षी कोणीतरी पुन्हा येते.

थाळनेर, जैनाबाद, भुसावळ, दर्गा-ए-हकीमी, मुक्ताईनगर, अमळनेर ही सगळी उदाहरणे एकत्र ठेवली की उत्तर एकच निघते. कबर दगडाने उभी राहते आणि येणाऱ्या माणसांनी टिकते. माणसे आली की पाणी येते, माळी येतो, पाटी येते, खर्चाची तरतूद होते.

आपण काय करायचे

माणसे आपोआप येत नाहीत, त्यांना बोलवावे लागते. लंडनची 1839 सालची हायगेट दफनभूमी विसाव्या शतकात रान माजून उद्ध्वस्त झाली होती. 1975 साली नागरिकांनी मित्रमंडळ काढले. त्यांनी झाडोरा साफ केला, वाटा मोकळ्या केल्या, माहिती देणारे मार्गदर्शक तयार केले आणि प्रवेशशुल्क लावले. कार्ल मार्क्सची कबर तिथेच आहे. पाहुण्यांच्या पैशांवर देखभाल चालते, आणि रानातली काही झाडेही मुद्दाम राखली आहेत, कारण पक्षी तिथे राहतात. हे सामान्य माणसांनी केले.

आपल्याकडे काम तीन प्रकारचे आहे. पहिले काम नोंदीचे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून कागद गोळा करत. 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच त्यांचे निधन झाले, आणि त्यांच्या नावाने उभे राहिलेले संशोधन मंडळ धुळ्याचे भूषण आहे. कबरींवरचे आणि छत्र्यांवरचे लेख हेही कागदच आहेत, फक्त दगडाचे. प्रत्येक पावसाळ्यात त्यांतले एखादे अक्षर झिजते. त्यांची छायाचित्रे, मापे आणि वाचने आत्ताच झाली पाहिजेत.

दुसरे काम निगेचे, आणि तिथे उत्साहाला लगाम हवा. जुन्या वास्तूला ऑइल पेंट लावणे, फुटलेला भाग सिमेंटने बुजवणे, याने नुकसान होते. चुन्याच्या बांधकामाला श्वास घेता आला पाहिजे. सिमेंट ओल आत कोंडते आणि दगड फुटतो. पिंपळ-वडाची रोपे घुमटात रुजू द्यायची नाहीत, पण ती उपटण्याचे काम जाणकाराकडूनच करून घ्यायचे. संरक्षित वास्तूच्या शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही, हा कायदा गावकऱ्यांना समजावून सांगायचा. आणि जिथे आजही श्रद्धेने माणसे येतात, तिथे त्यांच्या रीतीप्रमाणे, परवानगी घेऊन, डोके झाकून, पादत्राणे काढून वागायचे.

तिसरे काम वाटेचे. थाळनेर, अमळनेर, मुक्ताईनगर, भुसावळ, बुऱ्हाणपूर ही एका तापीखोऱ्यातली नावे आहेत. शाळा-महाविद्यालयांच्या सहलींत हा एक रस्ता असावा. मुले तिथे घुमट मोजतील, शिलालेख पाहतील, कुंडी भंडाऱ्याचा उतार समजून घेतील, भुसावळला गिल यांच्या कबरीजवळ अजिंठ्याचे चित्र उघडून पाहतील. सुलतान, राणी, संत, सेनानी, चित्रकार, ज्याचे नाव उरले नाही तो शेतकरी, या सगळ्यांचा एकच खानदेश आहे हे त्यांना पुस्तकाविना कळेल.

हे सांगून थांबायचे असते तर मी आलो नसतो. म्हणून एक वही सोबत आणली आहे. येत्या हिवाळ्यात थाळनेरपासून सुरुवात करून तापीकाठच्या स्मृतिस्थळांची यादी करायची आहे. ज्यांना मोडी, फारसी, अरबी वाचता येते, ज्यांना कॅमेरा वापरता येतो, ज्यांना मोजमाप घेता येते, आणि ज्यांना यातले काही येत नाही पण चालता येते, त्यांनी सभा संपल्यावर या वहीत आपले नाव आणि गाव लिहावे. गुरुजींच्या नावाने याहून चांगले काम मला सुचत नाही. पहिले नाव मी लिहिले आहे. दुसरे आपले असावे.